उंदराचा जंत मुलाच्या पोटात

मुलाचे पोट दुखू लागले की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "गूळ-साखर जास्त खाल्ली, जंत झाले." गोडाने जंत होत नाहीत. जंतांची अंडी किंवा अळ्या शरीरात शिरल्यानेच जंत होतात. त्यांतील एक जंत मुळात उंदराचा आहे.

दौंड तालुक्यातील कासुर्डी-यवत पट्ट्यात उसाची शेती आहे. अशा शेतातील उंदरांना बांधावरची बिळे आणि घरातील धान्याची पोती दोन्ही जवळची. उंदराच्या आतड्यात 'हायमेनोलेपिस डिमिन्युटा' नावाचा २० ते ६० सेंटीमीटर लांबीचा पट्टकृमी राहतो. त्याची अंडी उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात.

ही अंडी थेट पोटात गेल्याने माणसाला हा जंत होत नाही. लेंड्यांनी दूषित झालेले धान्य किंवा पीठ त्यातील भुंगेरे खातात आणि त्यांच्या शरीरात अंड्याची अळी वाढते. असा किडा माणसाच्या पोटात गेला, तर सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण जंत तयार होतो. लहान मुले कच्चे धान्य आणि पीठ तोंडात टाकतात, म्हणून त्यांना धोका अधिक. २००८ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात ग्रामीण भागातील बालरुग्णात हा जंत सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली आहे.

पुष्कळदा काहीच त्रास होत नाही. काहींना पोटदुखी, जुलाब, मंद भूक अशी लक्षणे दिसतात. शौचाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली की निदान होते. शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुख्यतः मातीतून होणाऱ्या जंतांसाठी आहे. ती जरूर घ्यावी. परंतु या पट्टकृमीवर प्राझिक्वान्टेल हे औषध वापरतात. त्याची मात्रा वजनानुसार असल्याने ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

भाकरी-पोळी नीट भाजली की किड्यातील अळी मरते. मेतकूट, सातूचे पीठ मात्र आधी भाजून दळलेले असते आणि पुन्हा न शिजवता खाल्ले जाते. दळल्यानंतर त्यात कीड लागली, तर धोका उरतोच.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. धान्य कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे.
२. पीठ थोडे थोडे दळून आणावे व चाळून घ्यावे.
३. कीड लागलेले मेतकूट, सातू, खारीक मुलांना देऊ नये.
४. घरातील बिळे बुजवावीत. लेंड्या दिसल्यास त्या पोत्यातील धान्य पाखडून, निवडून, धुऊन वाळवावे.

उंदीर आणि मूल यांच्यामधला दुवा म्हणजे धान्यातील कीड. ती रोखली की हा जंत घरात येणार नाही.