बांधावरील निलगिरी आणि ज्वारी

प्रश्न : बांधावरील निलगिरीलगतची ज्वारी खुरटते. दोष पानांचा आहे काय?

उत्तर : अंशतः आहे. गळलेल्या पानांतून सिनिओलसारखी बाष्पशील तैले आणि पावसाबरोबर झिरपणारी फिनॉलिक आम्ले जमिनीत उतरून बीजांकुरण व कोवळ्या मुळांची वाढ रोखतात. अशा रासायनिक प्रभावाला हान्स मोलिश यांनी १९३७ साली ‘अ‍ॅलिलोपथी’ ही संज्ञा दिली. तथापि मातीतील जीवाणू ही द्रव्ये विघटित करीत असल्याने, आणि निलगिरीची मुळे पिकाचा ओलावाही ओढून घेत असल्याने, केवळ पानांवर गुन्हा शाबीत होत नाही. म्हणून निम्म्या बांधालगत पाचोळा तसाच ठेवून निलगिरीची मुळे तोडणारा चर खणावा, उरलेल्या भागात केवळ पाचोळा झाडून काढावा, आणि कोणत्या बाजूची ज्वारी सावरते हे पाहूनच वृक्षतोडीचा हुकूम द्यावा.