भाराभर चिंध्या

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. एखाद्याने दहा कामे हाती घ्यावीत आणि त्यांतले एकही तडीस नेऊ नये, अशा वेळी वडीलधारी माणसे ती वापरतात. या म्हणीतील चिंध्या कोठून आल्या, याचा मात्र आपण सहसा विचार करीत नाही. त्या शिवणकाम चालणाऱ्या घरातून आल्या. ज्या घरात कातरी, सुई आणि दोरा रोज हाती घेतला जातो, त्या घरात धड वस्त्रे थोडी आणि तुकडे फार, हे चित्र नेहमीचेच असते. ते वाईट की चांगले, हे त्या तुकड्यांचे पुढे काय होते यावर ठरते.

ठाणे रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस कोपरी नावाची वस्ती आहे. मुंबईहून ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढे लोहमार्गाने या गावाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले. त्यांपैकी पूर्वेच्या, खाडीकडील भागात कोपरी येते. ठाणे आणि कापड यांचा संबंध फार जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने ठाण्याचे वर्णन लिहिले, त्यात येथून बाहेर जाणाऱ्या मालामध्ये कमावलेले कातडे आणि सुती कापड यांचा उल्लेख आहे. लोकरी कापडासाठी प्रसिद्ध असलेली रेमंड गिरणीही १९२५ साली ठाण्यातच निघाली. तिचे येथील काम आता बंद झाले आहे. परंतु आपल्याला आज गिरणीत जावयाचे नाही. आपल्याला घरातील शिवणकाम पाहावयाचे आहे.

कोपरीतील एका दोन खोल्यांच्या घराची कल्पना करा. घरात आई, बाबा, आजी, बारा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे आहेत. आई घरीच शिवणकाम करते आणि त्या पैशांतून मुलांची फी व वाण्याच्या बिलाचा काही भाग भागतो. दिवाळीला वीस दिवस उरले आहेत. शेजारणींचे चार ब्लाउज कापावयाचे आहेत, सहा साड्यांना फॉल लावावयाचे आहेत. मावशीकडे बाळ यावयाचे असल्यामुळे एक दुपटे आणि एक कुंची हवी आहे. मुलीचा शाळेसाठी भरावयाचा कशिद्याचा रुमाल अर्धा झाला आहे. आजीने उन्हाळ्यात घातलेली गोधडी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली आहे. आणि धाकट्याच्या शाळेच्या पँटची शिवण उसवली असून ती गेले आठ दिवस टाचणीवर चालली आहे.

आता सांगा, यांपैकी कोणते काम आधी करावयाचे?

‘ज्याचे पैसे मिळतात ते आधी,’ असे उत्तर बहुतेकजण देतील, आणि ते चुकीचे नाही. वायदा केलेले काम वेळेवर दिले नाही, तर पुढच्या वेळी गिऱ्हाईक येत नाही. परंतु एवढाच नियम पाळला तर धाकट्याची पँट दिवाळीपर्यंत टाचणीवरच राहील, कारण घरच्या कामाचे पैसे कोणी देत नाही. शिवणाऱ्या आईचे मूल उसवलेल्या कपड्यांत हिंडते, ही गोष्ट पुष्कळ घरांत दिसते. तिच्यामागे आईचा आळस नसतो, तिच्याकडे शिल्लक न राहिलेला वेळ असतो. पँटची ती शिवण यंत्रावर घालावयास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे कोणत्या कामाच्या पोटात बसवावयाची, हा खरा प्रश्न आहे.

मराठीत कापड कापण्याआधी ते ‘बेततात’. माप घ्यावयाचे, कापड अंथरावयाचे, खडूने रेघा आखावयाच्या, कोठला तुकडा कोठून निघेल ते ठरवावयाचे, याला बेतणे म्हणतात. आपण एखाद्या गोष्टीचा ‘बेत’ करतो, तो शब्दही याच कुळातला वाटतो. जाणती शिवणारी बाई कापडाप्रमाणे दिवसही बेतते. चारही ब्लाउज ती एकाच दिवशी कापते, कारण कापण्यासाठी जमीन मोकळी लागते आणि दोन खोल्यांच्या घरात ती रोज मिळत नाही. नवे सुती कापड ती आदल्या रात्रीच भिजत घालते, नाहीतर शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात ते आटते आणि ब्लाउज अंगाला बसत नाही. यंत्रात पांढरा दोरा ओवलेला असेल तेव्हा दुपट्याच्या कडा आणि अस्तराच्या टिपा एकामागून एक मारून घेते. निळा दोरा ओवला की निळ्या ब्लाउजाबरोबर धाकट्याची निळी पँटही यंत्राखालून जाते. ती हरवलेली दहा मिनिटे सापडतात ती अशी. दोरा बदलणे, बॉबिन भरणे, सुई बदलणे यांत जाणारा वेळ कोणी मोजत नाही. पण दिवसाकाठी तो बराच भरतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणते काम मध्येच सोडता येते आणि कोणते येत नाही, याची जाण. कातरी चालू असताना दारावरची घंटा वाजली, दूध उतू गेले किंवा मूल रडले, तर हात चुकतो. आणि कापलेले कापड पुन्हा जोडता येत नाही. बाही बसविण्याचे कामही तसेच नाजूक आहे. म्हणून ही कामे मुले शाळेत गेल्यावर करावीत. हुक लावणे, काजे करणे, फॉलची तुरपाई घालणे ही हातशिलाईची कामे मात्र कोठेही थांबतात आणि कोठूनही पुढे चालू होतात. वीज गेली, पाहुणे बोलत बसले, डाळ शिजावयास वेळ आहे, अशा सांदीतून ती होतात. प्रत्येक कामाची वेगळी कापडी पिशवी असावी आणि तिच्यातच त्या कामाचा दोरा, बटणे, हुक आणि मापाचा कागद ठेवावा. असे केले म्हणजे हाताशी पाच मिनिटे असताना त्यांतली चार शोधण्यात जात नाहीत. ही युक्ती साधी आहे; पण मला तरी ती साऱ्या युक्त्यांत मोलाची वाटते.

शिवणयंत्र आले तेव्हा हे सारे कष्ट संपतील, असे लोकांना वाटले होते. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. आपला धंदा बुडेल या भीतीने तेथील शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत एलियास हाउ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली आपापल्या यंत्रांची पेटंटे मिळविली. हाउच्या सुईचे नाक वरच्या टोकाला नसून टोचणाऱ्या टोकाजवळ होते. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा धोट्यातून, आणि कापडाच्या मध्यावर दोघांची गाठ पडते. आजच्या यंत्राची टीपही अशीच पडते. त्या काळी अमेरिकेतील एका यंत्र बनविणाऱ्या कंपनीने हिशेब मांडला, की पुरुषाचा एक सदरा हाताने शिवावयास १४ तास २६ मिनिटे लागतात आणि यंत्रावर १ तास १६ मिनिटे. हा हिशेब यंत्र विकणाऱ्यांनीच केलेला असल्यामुळे थोडा सावधपणे घ्यावा. तथापि वेळेची बचत मोठी होती, यात शंका नाही. महात्मा गांधींचा यंत्रांच्या हव्यासाला विरोध होता, पण १९२४ साली या विषयावर बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले होते.

महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना केली. तेथे स्त्रियांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामही शिकविले जाई. घराबाहेर पडून नोकरी करणे ज्या काळी बहुतेक स्त्रियांना अशक्य होते, त्या काळी हातातली ही विद्या म्हणजे चार पैसे स्वतः मिळविण्याचा मार्ग होता. पुढे अनेक घरांत पायाने चालवावयाचे यंत्र आले आणि वाचलेल्या वेळात अधिक कामे आली. म्हणजे यंत्राने वेळ दिला तसा तो घेतलाही. जाता जाता हेही सांगितले पाहिजे, की शिवण ही केवळ मुलींनी शिकावयाची गोष्ट नव्हे. आपल्याकडे शिंप्यांच्या दुकानांतून पिढ्यान्पिढ्या पुरुषच बसत आले, आणि संत नामदेव हे शिंपी कुळातलेच होते. तेव्हा धाकट्याने आपल्या पँटचे तुटलेले बटण आपणच लावावयास काहीच हरकत नाही.

आता कोपऱ्यातल्या त्या गोधडीकडे वळू. खरे म्हणजे या पाठातले सर्वांत मोठे काम तेच आहे.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की साधारण दोन मीटर लांबीचे चार पदर मिळतात. रुंदी सव्वा मीटरच्या आत-बाहेर. जुने, पुष्कळदा धुतलेले सुती लुगडे यासाठी उत्तम, कारण त्यातली खळ निघून गेलेली असते आणि सुई सहज आत शिरते. आत घालावयास फाटके पंचे, धोतरे, परकर चालतात. हे सारे जमिनीवर ताणून अंथरतात, कोपऱ्यांवर तांब्या-पाटा ठेवून वळ्या काढतात आणि लांब कच्चे टाके घालून पदर पक्के करतात. मग वर रंगीत तुकडे मांडून, कडेपासून सुरुवात करून जाड दोऱ्याने धावदोरा घालीत आत आत जातात. हल्लीच्या कृत्रिम धाग्यांच्या साड्यांची गोधडी दिसते रंगीबेरंगी, परंतु ती अंगावरून घसरते आणि घामही शोषत नाही. अंगाला लागणारा पदर तरी सुती असावा.

एका गोधडीला टाके किती लागतात, हे तुम्हीच काढून पाहा. लांबी २ मीटर, रुंदी १.१५ मीटर आणि दोन ओळींत २ सेंटिमीटर अंतर धरले, तर दोऱ्याच्या ओळींची एकूण लांबी ११५ मीटरच्या आसपास भरते. एका सेंटिमीटरला एक टाका म्हटला तरी साडेअकरा हजार टाके झाले. चार पदरांतून सुई काढून दोरा ओढावयाचा, म्हणून मिनिटाला दहा टाके धरू. म्हणजे १,१५० मिनिटे, अर्थात १९ तासांहून थोडे अधिक. एवढा सलग वेळ कोणत्या घरातल्या बाईला मिळतो? रोज अर्धा तास धरला तर ३९ दिवस लागतात, आणि तो अर्धा तासही रोज मिळेलच असे नाही. गोधडीचा मोठा गुण हा, की ती कोणत्याही टाक्यावर थांबते. महिनाभर पडून राहिली तरी बिघडत नाही. दुसऱ्या कोणीही येऊन पुढचे चार टाके घातले तरी चालते. ज्यांना स्वतःचा असा वेळ कधी मिळाला नाही, त्या बायकांनी ती घडविली आहे, आणि तिची रीत पाहिली की हे कळते.

कोपरीला या कामाचा आणखी एक शेजार लाभला आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून घरदार सोडून आलेली पुष्कळ कुटुंबे ठाणे आणि कल्याणच्या परिसरात आली. कल्याणजवळच्या त्यांच्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. ठाण्यात कोपरीमध्येही त्यांची वसाहत उभी राहिली. सिंधमध्ये तुकडे जोडून केलेल्या पांघरुणाला ‘रल्ली’ म्हणतात, आणि या शब्दाच्या मुळाशी मिसळणे, एकत्र करणे असा अर्थ सांगतात. रल्लीतही जुन्या कपड्यांचे थर असतात, वर त्रिकोण-चौकोनांची नक्षी असते आणि धावदोरा बहुधा सरळ समांतर ओळींत जातो. आपली गोधडी कडेकडून आत वळत जाते. दोन प्रांतांतल्या, एकमेकींची भाषा न जाणणाऱ्या बायकांना फाटक्या कापडातून तीच गोष्ट सुचावी, यात नवल करण्यासारखे फारसे नाही. थंडी दोन्हीकडे होती आणि नवे कापड दोन्हीकडे महाग होते.

सारीच अर्धवट कामे मात्र गोधडीसारखी नसतात. दोन वर्षे पडून राहिलेल्या ब्लाउजाचे माप बदलते. वाढत्या मुलाचा सदरा वेळेत झाला नाही, तर तो कधीच होत नाही. अशा कामाकडे रोज बघून खंतावण्यापेक्षा ते उसवावे, दोरे काढावेत, कापडाला इस्त्री करावी आणि त्याचे दुसरे काही करावे. उसवणे हेही शिवणाचेच अंग आहे. त्याला चांगले डोळे आणि बराच धीर लागतो. सदऱ्याचे टोपरे होते, टोपऱ्यातून उरलेला तुकडा गोधडीत जातो.

त्या घरात दिवाळीच्या आदल्या दिवशी काय झाले असेल? चारही ब्लाउज इस्त्री करून पोहोचते झाले. फॉलची शेवटची साडी मुलीने आईच्या शेजारी बसून तुरपली. तिचे टाके थोडे मोठे पडले, पण ते आतल्या बाजूला आहेत. दुपटे मावशीकडे गेले, कुंचीला अजून बंद लावावयाचे आहेत, आणि बाळ यावयास महिना आहे. कशिद्याच्या रुमालावर दोन पाने व्हावयाची राहिली. धाकटा सुट्टीतही शाळेची पँट घालून हिंडतो आहे. गोधडी पुन्हा गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली आहे. जेथे हात थांबला, तेथे आजीने सुई टोचून दोरा तिला वेढून ठेवला आहे. आजी म्हणते, थंडी अजून कोठे पडली आहे?