शरीर रोगी, मन निरोगी : प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि पुरुषाचे 'मी'पण



'अनात्म' हा शब्द आपण धम्मवर्गात वारंवार ऐकतो. परंतु त्याचा खरा कस आजारपणात लागतो. उतारवयात पुरुषांना होणारा प्रोस्टेटचा कर्करोग हे त्याचे एक उदाहरण होय.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालील अक्रोडाएवढी ग्रंथी. कर्करोग ग्रंथीपुरताच असेल तर काही रुग्णांची संपूर्ण ग्रंथी वीर्यकोशांसह काढतात. लिंगाच्या ताठरतेच्या नसा तिला अगदी चिकटून जातात. १९८२ साली अमेरिकेत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी त्या नसा वाचविणारी शस्त्रक्रिया केली. तरीही अनेकांची ताठरता कमी होते, वीर्यस्खलन बंद होते आणि काही काळ लघवीवर ताबा राहत नाही.

इथेच पुरुष खचतो. 'आता मी पुरुष राहिलो नाही,' असे त्याला वाटू लागते. कपडे ओले होतील या भीतीने तो लग्नकार्य टाळतो, विहारात येणे सोडतो, पत्नीशीही मोकळे बोलत नाही. वस्तुतः पुरुषी संप्रेरक मुख्यतः वृषणात तयार होते, या ग्रंथीत नव्हे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने बहुतेकांचा ताबा हळूहळू सुधारतो. ताठरतेवरही उपचार आहेत. संकोच सोडून डॉक्टरांना विचारावे.

सारनाथ येथे तथागतांनी पंचवर्गीय भिक्खूंना शिकविले की, रूप आपल्या हुकमात राहत नाही. म्हणून त्याला 'मी' मानू नये. मग एका ग्रंथीला 'मी' कसे मानावे?

नकुलपिता हा गृहस्थ उपासक आजारी पडला, तेव्हा पत्नी नकुलमातेने त्याची एकेक चिंता ओळखून धीर दिला. सूत कातून मुले सांभाळीन, असेही ती म्हणाली. तो बरा झाला. याच नकुलपित्याला वृद्धपणी तथागतांनी उपदेश केला की, शरीर रोगी असले तरी मन रोगी होऊ देऊ नये. पतीपत्नींनी हा प्रसंग एकत्र वाचावा.

मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्वच्छ केले. त्यांच्या अनुयायांना लघवीच्या पिशवीची किळस वाटता कामा नये. धायरीतील आपल्या बांधवांपैकी कोणी वंदनेला येईनासा झाला, तर त्याच्या घरी जावे, विचारपूस करावी आणि त्याची बैठक राखून ठेवावी. धम्माचा अभ्यास तिथे पुरा होतो.

जय भीम! नमो बुद्धाय!