कडाक्याआधी गुच्छ बसवा

सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या आपल्या चोपडा तालुक्यात टोमॅटोला मोकळा काळ फार थोडा मिळतो. पाऊस हटेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधी कधी दहाच्या खाली उतरतो आणि मार्च सरता सरता ऊन चाळिशीला भिडतं. रात्री १३ अंशांखाली गेल्या की परागकण नीट तयार होत नाहीत. फुलं येतात, पिवळी पडतात आणि देठासकट गळतात. झाड हिरवंगार दिसतं, म्हणून अनेक जण खत वाढवतात. तो पैसा पाण्यात जातो. पण एकदा धरलेलं फळ थंडीतही हळूहळू पोसत राहतं. त्यामुळे सगळं गणित एवढंच: कडाका पडण्याआधी झाडावर पहिले दोन-तीन गुच्छ बसलेले हवेत.

आता उलटं मोजा. लागणीपासून फुलं लागायला साधारण महिना, रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस. म्हणजे बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, गणपतीच्या आसपास पडायला हवं. दिवाळीनंतर लागण केली, तर झाड फुलावर येतं ते नेमकं थंडीत.

रोपं ट्रेमध्ये कोकोपीटवर करा आणि वरून बारीक जाळी लावा. ऑक्टोबरमध्ये पांढरी माशी कपाशीवरून थेट रोपांवर येते आणि चुरडामुरडा घेऊन येते. राहुरी विद्यापीठाचं धनश्री किंवा भाग्यश्री, नाहीतर या चुरडामुरड्याच्या विषाणूला दाद न देणारं अर्का रक्षक, यांतलं एखादं निवडा. लागणीआधीचा आठवडा रोपांचं पाणी कमी करून ती काटक होऊ द्या.

आपली काळी जमीन पाणी धरते. थंडीत ओल्या गार मातीत मुळं काम करत नाहीत, म्हणून सपाट वाफ्यात लावू नका. उंच बेड, दोन बेडमध्ये साडेचार-पाच फूट, रोपांत दीड फूट, आणि ठिबक. उत्तरेच्या बाजूला लागणीबरोबरच शेवरी किंवा मक्याच्या दोन ओळी टाका. केळीवाले वाऱ्यासाठी शेवरी लावतातच, टोमॅटोलाही तिचा आडोसा होतो.

परसात केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तम. डिसेंबरात मात्र ते बुंध्यापासून बाजूला सारा. उघडी, ओलसर काळी माती दिवसाचं ऊन शोषते आणि रात्री ती ऊब झाडाला देते. पानांचा थर ही ऊब अडवतो.

गारठ्याच्या रात्री विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. रात्री उशिरा किंवा पहाटे ठिबकने थोडं पाणी सोडा. चार-सहा झाडंच असतील, तर संध्याकाळी काठ्यांवर गोणपाट टाका, पण ते पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी उन्हं आली की काढा.

या दिवसांत पान उलटून पाहा. खालच्या शिरा जांभळट दिसल्या, तर थंड मातीतून मुळांना स्फुरद उचलता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ठिबकमधून १२:६१:०० थोडं द्या. ऊब परतली की नवी पानं हिरवी येतात. पाणी मुरल्यासारखे काळपट डाग मात्र वेगळे. ढगाळ, धुक्याच्या हवेत तो उशिराचा करपा असतो. त्यावर फवारणी त्याच दिवशी करा, रविवारची वाट पाहू नका.

फुलं असतील तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास झाडं बांधलेल्या तारेवर काठीने हलके टिचके मारा. पराग झडतो आणि जी फुलं धरण्याजोगी आहेत ती धरतात. संक्रांतीनंतर रात्री सैल झाल्या की फुलांची दुसरी लाट येते. तिला तेव्हा खत-पाण्याची खरी साथ द्या, कारण मार्चचं ऊन ती पुढे टिकू देत नाही.

कडाक्यात वाढ पूर्ण झालेली हिरवी फळं झाडावर लवकर लाल होत नाहीत. ती तोडून घरात, फ्रिजबाहेर, टोपलीत पिकल्या केळ्यांसोबत झाकून ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनने बहुतेक फळं आठवड्याभरात रंग धरतात. रोज चाळून नासकं फळ तेवढं बाजूला काढा.