वरूडचे संत्रे आणि सेंद्रिय रसायनशास्त्राची साधने

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला वरूड तालुका संत्र्याचा मुलूख म्हणून सर्वपरिचित आहे. नरखेड–अमरावती लोहमार्गावरील येथील स्थानकाच्या नावातच 'ऑरेंज सिटी' हे शब्द जोडलेले आहेत, तर शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतून जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमे दूरदूरच्या बागांत जातात. या तालुक्यातील एखाद्या कृषि केंद्रात जाऊन युरियाच्या गोणीकडे बोट दाखवावे आणि हे सेंद्रिय आहे काय, असे विचारावे. "नाही जी, हे तर रासायनिक आहे," असे उत्तर तत्काळ मिळेल. त्याच गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास हाच प्रश्न परीक्षेत आला, तर युरिया हे सेंद्रिय संयुग आहे असे लिहिल्याखेरीज त्याला गुण मिळणार नाहीत.

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा शब्दाचा आहे. सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसहित, सजीवांपासून लाभलेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रसायनशास्त्रज्ञांची अशी समजूत होती की, असे पदार्थ केवळ सजीवांच्या देहातच तयार होऊ शकतात. १८२८ साली फ्रीड्रिख व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट हा निर्जीव क्षार तापवून युरिया मिळविला आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला. पुढे सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचे शास्त्र, असा अर्थ रूढ झाला. नाव मात्र जुनेच राहिले. शेतीत हाच शब्द कारखान्यात तयार झालेली खते व औषधे वर्ज्य करणाऱ्या पद्धतीसाठी वापरला जातो. त्यामुळे एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन यांनी बनलेला युरियाचा रेणू पुस्तकात सेंद्रिय आणि बांधावर रासायनिक ठरतो. हिंदीत या शास्त्राला 'कार्बनिक रसायन' म्हणतात. मराठीतील 'कार्बनी' हा पर्यायही अधिक निःसंदिग्ध आहे, असे आम्हास वाटते. तथापि रूढ शब्द हुकूम काढून बदलत नाहीत.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे वापरल्या गेलेल्या औषधांत सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील संयुगेही होती. ही संयुगे मज्जातंतूंचे संदेश थांबविणाऱ्या एका विकराला निकामी करतात. म्हणून लाळ सुटणे, बाहुल्या बारीक होणे, श्वास कोंडणे ही लक्षणे दिसतात. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता उतरत्या क्रमाने सांगतो. परंतु दोन निरनिराळ्या व्यापारी नावांखाली एकाच वर्गाचे विष आहे, हे त्रिकोण सांगत नाही. ते खाली बारीक अक्षरांत छापलेल्या रासायनिक नावावरून कळते. ते नाव वाचू शकणारा माणूस गावात असणे अगत्याचे आहे. कीटकनाशके विकण्याचा परवाना देताना रसायनशास्त्र विषय घेऊन विज्ञानाची पदवी मिळविलेली व्यक्तीही पात्र धरली जाते. म्हणजे आज बी.एस्सी.च्या वर्गात बसलेला मुलगा उद्या कृषि केंद्राच्या फळीपलीकडे उभा असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्याने हा विषय समजून घेतला की पाठ करून निभावला, यात गावाचेही हित गुंतलेले आहे.

विद्यार्थ्याची अडचण कोठे आहे?

वरूड येथे महात्मा फुले कला, वाणिज्य व सीतारामजी चौधरी विज्ञान महाविद्यालय आहे. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाल्यापासून जिल्ह्यातील मुलांना पदवीसाठी नागपूर विद्यापीठाकडे पाहावे लागत नाही. महाविद्यालय जवळ आले, पण पुस्तकाची भाषा दूरच राहिली. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला मुलगा अकरावीत इंग्रजी पुस्तकापुढे बसतो आणि जे ठाऊक आहे तेही त्याला नवे वाटू लागते.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे. भाच्याची बी.एस्सी.ची वही चाळण्याचा प्रसंग आला तेव्हा पाने भरून वाकडे बाण सुबकपणे उतरविलेले दिसले. हा बाण येथूनच का निघतो, असे मी अज्ञानाने विचारले. "फळ्यावर तसाच होता, मामा," असे उत्तर मिळाले. पुढे एका अनुभवी प्राध्यापकांनी दोन वाक्यांत उलगडा केला : बाणाचे शेपूट जेथे इलेक्ट्रॉनांची जोडी आहे तेथे असते आणि टोक जेथे ती जोडी जाणार तेथे असते, बाण अणूंचा प्रवास दाखवीत नाही. ज्याला 'न्यूक्लिओफाइल' म्हणतात तो जोडी देणारा आणि 'इलेक्ट्रोफाइल' ती घेणारा. हे एकदा मनात ठसले म्हणजे शंभर निरनिराळ्या अभिक्रिया या पाच-सात प्रकारच्या देवघेवी आहेत असे दिसू लागते. भाच्याने त्या रात्री वहीतील सारे बाण पुन्हा काढले. तीन ठिकाणी त्याचे बाण उलटे निघाले.

हाताशी असलेली पुस्तके

पहिले साधन बहुतेकांच्या घरातील माळ्यावर पडलेले असते. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या पुस्तकाच्या पहिल्या भागात 'कार्बनी संयुगे' हे प्रकरण आहे. सहसंयुज बंध, संपृक्त व असंपृक्त संयुगे, समजातीय श्रेणी, क्रियात्मक गट, संरचना समघटकता आणि संयुगांच्या नामकरणाचे नियम हे सारे तेथे मराठीत आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचा पाया याहून फारसा वेगळा नसतो. इंग्रजी पुस्तक उघडण्यापूर्वी हे प्रकरण पुन्हा वाचून प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा इंग्रजी प्रतिशब्द लिहून काढावा. आठवडाभराचे काम आहे, पण पुढील तीन वर्षे उपयोगी पडणारे आहे.

दुसरे साधन मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे तयार झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आता तो महाजालावर विनामूल्य वाचता येतो. अल्कोहॉल, बेंझीन, टर्पिने यांवरील नोंदी विस्तृत आहेत. त्यांची शैली आटीव असून एका बैठकीत त्या पचत नाहीत, हेही खरे. भाषा संचालनालयाने सिद्ध केलेला रसायनशास्त्राचा परिभाषा कोश प्रतिशब्दांसाठी जवळ ठेवावा. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी अभ्यासक्रमासाठी काढलेले मराठी ग्रंथ जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत धूळ खात असतील, तर ते कपाटातून बाहेर काढावेत.

येथे एक सावधगिरीची सूचना. वरूड मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहे आणि भ्रमणध्वनीवर मुले जी व्याख्याने ऐकतात ती बहुतांशी हिंदीत असतात. हिंदीत 'अणु' म्हणजे मराठीतला रेणू आणि आपल्या अणूला तेथे 'परमाणु' म्हणतात. हे न सांगितल्यास मुलगा पाण्याचा अणू म्हणू लागतो आणि त्याची चूक शिक्षकाला निष्काळजीपणा वाटते. मराठीतही एकवाक्यता नाहीच : विश्वकोश ज्याला विक्रिया म्हणतो त्याला शालेय पुस्तक अभिक्रिया म्हणते. शिक्षकांनी वर्षारंभी अशा जोड्या फळ्यावर एकदा लिहून द्याव्यात.

इंग्रजी ग्रंथांत मॉरिसन व बॉइड यांचा ग्रंथ १९५९ पासून अनेक पिढ्यांनी वापरला. त्याचे इंग्रजी सोपे आहे, ही त्याची सर्वांत मोठी सोय. बाणांच्या हिशेबासाठी पीटर सायक्स यांचे लहान पुस्तक त्यानंतर घ्यावे. आधी घेतल्यास धीर खचतो. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र व्याख्यान ऐकताना हातात पेन्सिल हवी. हे शास्त्र डोळ्यांनी शिकता येत नाही, रेणू काढून काढून शिकावे लागते. आणि बाजारात मिळणारी 'हमखास प्रश्नांची' पुस्तिका नेमके तेवढेच काम विद्यार्थ्याकडून काढून घेते.

कागदावरचा रेणू सपाट दिसतो, प्रत्यक्षात तो तसा नाही. कार्बनचे चार बंध चार दिशांना, एकमेकांशी सुमारे १०९.५ अंशांचा कोन करून असतात, ही कल्पना १८७४ साली व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे मांडली. ती समजण्यासाठी प्रतिकृती हव्यात. महागडी पेटी नसली तरी अडत नाही. सातपुड्यापलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमात आगकाड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून आकृती करण्याची पद्धत रुळली. त्या कामातील अरविंद गुप्ता यांनी आपली पुस्तके महाजालावर सर्वांना खुली केली असून त्यांतील अनेक मराठीत आहेत. चिकणमातीच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या घेतल्या तरी काम भागते. मधल्या गोळीला चार निरनिराळ्या रंगांच्या गोळ्या जोडाव्यात, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे दुसरी प्रतिकृती करावी आणि एकीवर दुसरी बसवून पाहावी. बसत नाही. उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात जात नाही, तसेच हे आहे. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपाचा वास यांत कार्व्होन नावाच्या एकाच संयुगाची अशी उजवी-डावी जोडी आहे. नाकाला जो भेद कळतो तो मातीच्या गोळ्यांत पाहता येतो.

सालीतील प्रयोगशाळा

आता वरूडच्या संत्र्याकडे येऊ. सालीतील सुगंधी तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या संयुगाचा असतो : दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक वलय आणि दोन दुहेरी बंध. टर्पीन वर्गातील या संयुगाचा उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सिअस आहे. तरीही वाफेबरोबर ते शंभर अंशांच्या आतच निघून येते, कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्याने दोघांचा बाष्पदाब एकत्र मोजला जातो. ताज्या साली, पाणी, चंबू आणि शीतक एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे ऊर्ध्वपातन होते. ग्राहक पात्रात पाण्यावर तरंगणारा पातळ थर दिसतो. त्यातील थेंब ब्रोमीनच्या पाण्यात हलविला की तांबूस रंग नाहीसा होतो. दुहेरी बंधाची ही खूण. थर्माकोलवर सोडलेला थेंब खळगा पाडतो, कारण समान स्वभावाचे पदार्थ एकमेकांत विरघळतात. हे तेल ज्वालाग्राही असल्याने ज्योत दूर ठेवावी आणि ब्रोमीन शिक्षकांनी स्वतः हाताळावे.

रसातील आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने ते १७८४ साली लिंबाच्या रसातून वेगळे केले. सालीच्या आतील पांढऱ्या गरात पेक्टिन आहे आणि कडसरपणा देणारी अन्य संयुगेही आहेत. एका फळात हायड्रोकार्बन, आम्ल, शर्करा व बहुवारिक असे पदवी अभ्यासक्रमातील निम्मे मथळे सापडतात. आंबिया व मृग, दोन्ही बहारांत तालुक्यात सालींची वाण नसते.

ग्रामपंचायत सदस्य येथे काय करू शकतात? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्यान्वये शासनमान्य ग्रंथालये गावोगावी उभी राहिली. अशा ग्रंथालयात कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी विज्ञानाचे एक कपाट असावे : दहावीची जुनी पुस्तके, परिभाषा कोशाची एक प्रत, मॉरिसन व बॉइड यांची वापरलेली आवृत्ती, मातीच्या प्रतिकृतींचे एक खोके. खर्च फार नाही. कृषि केंद्रातून रिकामी खोकी मिळतात, पण ती बियाण्यांची घ्यावीत, औषधांची नव्हेत. आणि कपाटाची किल्ली शिपायाच्या खिशात न ठेवता संध्याकाळी दोन तास उघडी राहील अशी तजवीज करावी, कारण महाविद्यालयातून एस.टी.ने परतणारी मुले गावी पोहोचतात तेव्हा बहुतेक ग्रंथालये बंद झालेली असतात.