संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांची उतरंड

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते आणि तिच्या दोन्ही तीरांवर मराठी बोलली जाते. तत्कालीन आंध्र प्रदेशात २०११ मध्ये ‘मीसेवा’ योजनेचा प्रारंभ झाला आणि उत्पन्नाचा वा जातीचा दाखला यांसारखी कामे संगणक-केंद्रांतून होऊ लागली. बेला भागातील शेतकरी अशा कामासाठी येतो, तेव्हा त्याचा मजुरीचा दिवस मोडलेला असतो. केंद्र, शाळा वा कचेरी येथील संगणक मध्येच ‘अडला’, तर खोळंबा केवळ यंत्राचा होत नाही. परंतु पुष्कळदा यंत्र अडलेले नसतेच; ते उत्तराची वाट पाहत असते.

दोष कोठे असतो?

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या घरातील उतरंडीप्रमाणे एकावर एक रचलेल्या असतात. सर्वांत वरची तेवढी पूर्ण दिसते. काम चालू असताना कार्यक्रम मध्येच एखादा प्रश्न विचारतो : ‘बदल जतन करावयाचे काय?’ त्यासाठी उघडणाऱ्या लहान चौकटीस संवाद-खिडकी म्हणतात. तिला उत्तर मिळेपर्यंत मूळ खिडकी कोणतीही आज्ञा स्वीकारीत नाही. ही संवाद-खिडकी मूळ खिडकीच्या मागे दडली, म्हणजे प्रश्न दिसत नाही आणि कामही पुढे सरकत नाही. अशा वेळी वीज बंद केल्यास न जतन केलेली सर्व माहिती नष्ट होते आणि अर्ज पुन्हा प्रारंभापासून भरावा लागतो.

१९८५ मधील ‘विंडोज’च्या पहिल्या आवृत्तीत मुख्य खिडक्या शेजारी-शेजारी मांडल्या जात, केवळ संवाद-खिडकी त्यांवर येऊ शके. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मुख्य खिडक्याही एकमेकींवर येऊ लागल्या आणि उतरंडीचा प्रश्न सर्वत्र निर्माण झाला.

उपाय

१. प्रथम पडद्याच्या तळाची पट्टी पाहावी. एखादे चिन्ह लुकलुकत असेल, तर त्यावर टिचकी द्यावी.

२. ‘ऑल्ट’ कळ दाबून धरावी व ‘टॅब’ कळ दाबीत जावे. उघड्या खिडक्या क्रमाने दिसतात. त्यांतून लहान चौकट निवडावी.

३. शाळेतील संगणकाला प्रक्षेपक जोडून पडदा विस्तारला असेल, तर संवाद-खिडकी त्या दुसऱ्या पडद्यावर उघडलेली असू शकते. वरील रीतीने ती निवडून ‘ऑल्ट’ व ‘स्पेस’ एकत्र दाबावे, मग ‘एम’ व त्यानंतर बाणाची कळ दाबावी. खिडकी हलत-हलत दृष्टीस पडते.

४. इतके करूनही खिडकी सापडली नाही, तर काही वेळ थांबावे. मग ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘एस्केप’ या कळा एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून तेवढाच कार्यक्रम बंद करावा. त्यातील न जतन केलेले काम जाते. इतर कार्यक्रमांतील काम मात्र सुरक्षित राहते.

कार्यक्रम रचणाऱ्यांसाठी

दोषाचे मूळ बहुधा रचनेत असते. संवाद-खिडकी निर्माण करताना तिची स्वामी-खिडकी कोणती, हे सांगावे लागते. ते सांगितले असता संवाद-खिडकी स्वामी-खिडकीच्या वरच राहते. ते राहून गेल्यास तिचे स्थान अनिश्चित होते. काही जण यावर उपाय म्हणून तिला ‘सदैव सर्वांत वर’ ठेवतात. त्यामुळे ती अन्य कार्यक्रमांवरही पसरते आणि नवी अडचण उद्भवते. स्वामी-खिडकी नेमून देणे हाच योग्य मार्ग होय.

शिक्षकांनी हा पाठ विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा. केंद्रचालकांनी वरील चार पायऱ्या कागदावर लिहून संगणकाशेजारी लावाव्यात. ‘यंत्र बंद पडले, उद्या या’ असे सांगण्यापूर्वी त्या पार पाडल्या, तर दूरवरून आलेल्या माणसाची दुसरी खेप अनेकदा वाचेल.