चवीपुरते मीठ



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन घरोघरी जातो. त्या यादीतली सगळीच माणसे म्हातारी नसतात. पन्नाशीतला, काल-परवापर्यंत होडीवर जाणारा माणूस अर्धांगवायूने एक बाजू जाऊन खाटेवर पडलेला दिसतो. घरच्यांना विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते, "फादर, त्यांना काहीच होत नव्हते. प्रेशर आहे हेसुद्धा त्याच दिवशी दवाखान्यात कळले."

अशाच एका घरी आजाऱ्याच्या उशाशी पेजेचा वाडगा होता. शेजारी बशीत लोणच्याची फोड आणि भाजलेला खारा बांगडा होता. सून म्हणाली, "तेल-तिखट सगळे बंद केले आहे, फादर. नुसती पेज देतो." तिने मनापासून काळजी घेतली होती. पण डॉक्टरांनी सर्वांत आधी जे कमी करायला सांगितले असेल, ते त्या बशीत तसेच होते. म्हणून या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही विषय घेतला आहे मीठ.

मीठ आपले वैरी नव्हे

मिठाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांना मिठाचीच उपमा दिली. आपल्या भाषेत इमानदार माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. पेण-उरणकडच्या मिठागरांवर कितीतरी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या घाम गाळला. आगरी हे नावच मिठाच्या आगरावरून आले. १९३० साली दांडीला आणि आपल्या कोकणात शिरोड्याला लोकांनी मिठासाठी सत्याग्रह केला, कारण मीठ ही गरिबाचीही गरज आहे.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. १९६९ साली शिशूंच्या स्नानसंस्काराचा नवा विधी आला. त्याआधीच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या जिभेवर थोडेसे मीठ ठेवत असत. तेवढ्या कणाने अर्थ पुरा होत असे, मूठभर मिठाची गरज नव्हती. आजच्या विषयाचे सारही तेवढेच आहे. मीठ हवे, पण थोडे.

शरीरात काय होते?

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. १ ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असते. सोडियमशिवाय स्नायू आणि मज्जातंतू चालणार नाहीत. मात्र ते जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते. रक्तवाहिन्यांत वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण वाढते आणि आतल्या भिंतींवर दाब पडतो. पंपाचा जोर वाढवला की जुना पाइप कुठे ना कुठे गळतो, तसे वर्षानुवर्षांच्या दाबाने हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. दुखत मात्र काहीच नाही. म्हणूनच "काहीच होत नव्हते" हे उत्तर मिळते.

किती मीठ पुरे?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी काढलेल्या आहारविषयक सूचनांतही ५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. हे झाले सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी, आणि तेही भाजी, आमटी, लोणचे, पापड, पाव सगळे धरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगात माणशी रोजचे सरासरी मीठ १०.८ ग्रॅम आहे, म्हणजे दुपटीहून जास्त.

आपल्या घरात किती खपते हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. मिठाची नवी पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. ती संपेल तेव्हा पुन्हा तारीख पाहा. घरात चार मोठी माणसे असतील तर ५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला ६०० ग्रॅम मीठ पुरे. १ किलोची पुडी महिन्यात संपली, तर माणशी रोज ८ ग्रॅमहून जास्त झाले. त्यात बाहेरचे खाणे अजून धरलेलेच नाही. मासे धुण्याचे किंवा लोणचे घालण्याचे मीठ वेगळ्या बरणीत ठेवा, म्हणजे हिशेब चुकणार नाही.

न दिसणारे मीठ

युरोप-अमेरिकेत बरेचसे मीठ तयार पाकिटबंद अन्नातून पोटात जाते. आपल्या देशात अजूनही बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातून जाते. ही चांगली बातमी आहे, कारण तो चमचा आपल्याच हातात आहे. पण इथेही पाकिटे वाढत आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुलांच्या हातात काय असते ते आपण दर रविवारी पाहतो.

खारट लागते त्यातच मीठ असते, असे समजू नका. पाव आणि टोस्ट यांच्या पिठात मीठ असते. गोड बिस्किटातही सोडियम असते, साखरेमुळे ते जिभेला कळत नाही. खाण्याच्या सोड्याच्या १ ग्रॅममध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. पापडखार आणि अजिनोमोटो यांतही ते आहे. पोटातल्या गॅससाठी पाण्यात टाकून घेतात त्या फसफसणाऱ्या पावडरी बहुधा सोड्याच्याच असतात. सैंधव किंवा काळे मीठ कितीही घ्या, चालते, हाही गैरसमज आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममध्ये किती सोडियम आहे ते छापलेले असते. हिशेब असा करा. समजा, फरसाणाच्या पाकिटावर १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि आपण ५० ग्रॅम खाल्ले. सोडियम झाले ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम मीठ. दिवसाच्या वाट्याचा पाचवा हिस्सा चहाबरोबर संपला! अक्षरे बारीक असतात, म्हणून हे काम घरातल्या शाळकरी मुलांना द्या. त्यांना गणितही येईल.

सुक्या मासळीचे काय?

हा प्रश्न येणार हे आम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि आगोटीची बेगमी ही आपल्या किनाऱ्याची जुनी शहाणी रीत आहे. मीठ माशातले पाणी ओढून घेते, त्यामुळे कुजवणारे जंतू वाढत नाहीत. बर्फ आणि फ्रिज नव्हते तेव्हा याच मिठाने घरे जगवली. पण सगळी सुकी मासळी सारखी नसते. नुसत्या उन्हात वाळवलेले बोंबील आणि जवळा वेगळे, मिठात मुरवलेला खारा बांगडा वेगळा. घेताना विचारून घ्या, "मीठ लावले आहे का?" खारी मासळी असेल तर ती पाण्यात भिजत ठेवा, ते पाणी टाकून द्या आणि पुन्हा एकदा ताजे पाणी घाला. मग कालवणात वेगळे मीठ घालू नका, आधी चाखा. आणि खारी मासळी, पापड, लोणचे ही तिन्ही एकाच ताटात नकोत. एका जेवणाला एकच.

चव म्हणजे सवय

पाककृतीच्या शेवटी लिहिलेले असते "मीठ चवीपुरते". पण कुणाच्या चवीपुरते? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्या मनात राहिला. तो म्हणतो, सद्गुण अतिरेक आणि उणीव यांच्या मध्ये असतो, पण तो मध्य सर्वांसाठी सारखा नसतो. मायलो नावाच्या पहिलवानाला जे जेवण थोडे पडेल, तेच नवशिक्याला भारी होईल. आपले आजोबा वल्ही मारीत, उन्हात जाळी ओढीत, घामाने निथळत घरी येत. आपण इंजिनाच्या होडीवर, रिक्षात नाहीतर कचेरीतल्या खुर्चीवर असतो. कष्ट बदलले, ताटातले मीठ मात्र तेवढेच राहिले.

ॲरिस्टॉटलचा दुसरा विचार असा की चांगले वागणे सरावाने अंगी बाणते. जिभेचेही तसेच आहे. मीठ कमी केले की पहिला आठवडा जेवण अळणी लागते. काही आठवड्यांत जीभ नव्या प्रमाणाला रुळते आणि मग पूर्वीचे कालवण खारट वाटू लागते. म्हणून एकदम निम्मे करू नका. दर आठवड्याला थोडे थोडे कमी करा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आंबट चव मिठाची उणीव भरून काढते. आमसूल, चिंच, लिंबू, कैरी यांचा हात थोडा सैल सोडा. भातात आणि भाकरीच्या पिठात मीठ नकोच. लोणच्याच्या जागी आपला अलिबागचा पांढरा कांदा, काकडी किंवा मुळा घ्या.

इथे घरातल्या पुरुषांना दोन शब्द. स्वयंपाक करणारी माउली प्रयत्नाने मीठ कमी करते आणि पहिल्या घासाला आपण "अळणी!" म्हणून ताट सरकवतो. दुसऱ्या दिवशी ती बिचारी चिमूट वाढवते. त्या एका शब्दाने महिन्याची मेहनत वाया जाते. तो शब्द निदान महिनाभर गिळून टाकू या.

सावधगिरीही हवी

कमी मीठ म्हणजे बिनआयोडीनचे मीठ नव्हे. गलगंड टाळण्यासाठी आयोडीन लागते. म्हणून मिठागरावरचे सुटे मीठ नको, आयोडीनयुक्तच घ्या, पण मोजके.

दुकानात कमी सोडियमचे मीठही मिळते. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर जवळजवळ पाच वर्षे याचा अभ्यास झाला. पूर्वी पक्षाघात झालेले किंवा साठीपुढचे, रक्तदाब असलेले असे ते लोक होते. ज्यांनी असे मीठ वापरले त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना हे मीठ धोक्याचे ठरू शकते. गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीही ते सुचवलेले नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

जुलाब-उलट्यांत मीठ-साखरेचे पाणी बंद करू नका. तिथे मीठच जीव वाचवते. आणि मीठ कमी केले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून सोडू नका.

या महिन्यात आपण काय करू या?

१. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब तपासून घ्यावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना भेटावे. त्रास होत नाही म्हणून टाळू नये.

२. मिठाच्या पुडीवर तारीख लिहावी.

३. जेवताना मिठाची बरणी समोर ठेवू नये. ताटात मीठ वाढण्याची पद्धत असेल तर ते मागितल्यावरच वाढावे.

४. आजाऱ्याच्या पेजेबरोबर लोणचे-पापड न देता मुगाची मऊ आमटी, ताजी मासळी किंवा आमसुलाचे सार द्यावे.

हे सांगताना आम्ही स्वतःला वगळत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आमचाही आकडा पाहून भुवया उंचावल्या. तीन दिवस काय काय खाल्ले ते लिहून आणा म्हणाले. लिहिताना कळले की आपण प्रेमाने घरी बोलावता तेव्हा पापडाला आम्ही कधीच नाही म्हटलेले नाही. तेव्हा आता घरभेटीला येऊ तेव्हा पापड-फरसाण पुढे करू नका. एक केळे किंवा साधे पाणी पुरे. आणि चर्चच्या सणाच्या जेवणात यंदा लोणच्याऐवजी कोशिंबीर ठेवू या, तीही मीठ न घालता. ज्याला हवे तो लिंबू पिळून घेईल.

पुढच्या पहिल्या शुक्रवारच्या यादीत आपल्यातले नवे नाव कमी वयात येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. ते पुष्कळसे आपल्या हातात आहे.

घरी बसून बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात १ किलो मीठ किती दिवस पुरते? माणशी रोज किती ग्रॅम होते?

२. काल दिवसभरात आपण कोणते पदार्थ खाल्ले जे खारट लागले नाहीत, पण ज्यांत मीठ किंवा सोडा होता?

३. घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्याच्या एकट्यासाठी वेगळे शिजवायचे, की सगळ्यांनीच मीठ कमी करायचे? का?